नाक्यावरचे मजूर आणि बायबलचे वाचक



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने भाषणात साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा असा संकेत आहे. तो मी आज पाळणार नाही. आपल्या सर्व ख्रिस्ती मंडळ्या बायबल वाचतात, पण कशा वाचतात याबद्दल मला बोलायचं आहे, आणि त्यासाठी एकच दाखला पुरे आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक. तो पहाटे एका दिनाराची बोली करून मजूर लावतो. नऊला, बाराला, तीनला आणि दिवस कलताना पाचला पुन्हा नाक्यावर जाऊन उरलेल्यांना घेऊन येतो. संध्याकाळी मात्र सगळ्यांच्या हातावर सारखाच दिनार ठेवतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

चर्चचे प्राचीन आचार्य ओरिजेन आणि ऑगस्टीन यांनी या पाच वेळांत जगाच्या इतिहासाचे टप्पे पाहिले, आणि माणसाच्या वयाचेही: कुणी बालपणी देवाकडे येतो, कुणी म्हातारपणी. आपल्या सेमिनरीतली तरुण मुलं अशा अर्थांना हसतात. मी हसत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री संत क्रिसोस्टोमच्या नावाचा एक छोटा उपदेश दरवर्षी वाचला जातो. त्यात उशिरा आलेल्यालाही, अगदी अकराव्या तासाला, म्हणजे दिवस कलताना पाचला, पोचलेल्यालाही, मेजवानीला बोलावलेलं असतं. तिथे दाखल्याचा अर्थ कुणी समजावून सांगत बसत नाही. ऐकणारा त्या मजुरांत आपोआप जाऊन उभा राहतो.

ल्यूथरच्या वारसांनी या दाखल्यातून कृपा शिकवली. देव कमाई मोजत नाही, हे सांगायला याहून सोयीचा उतारा मिळणं कठीण. पण आमच्या प्रॉटेस्टंट व्यासपीठांवरून हे इतक्या वेळा सांगितलं गेलं की मळा, ऊन, घाम सगळं वाफेसारखं उडून गेलं आणि मागे फक्त सिद्धान्त उरला. कॅथलिक बांधवांची गोष्ट निराळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तीन वर्षांचं वाचनचक्र आलं. त्यात हा उतारा पहिल्या वर्षाच्या पंचविसाव्या सामान्य रविवारी येतो आणि त्याच्या आधी यशयाचा पंचावन्नावा अध्याय वाचला जातो, देवाचे विचार माणसाच्या विचारांहून किती उंच आहेत ते सांगणारा. म्हणजे फादरांनी तोंड उघडण्याआधीच अर्धा अर्थ ठरलेला असतो. ‘फक्त शास्त्र’ म्हणणाऱ्या आम्हा लोकांना यावर बोट ठेवायला आवडतं. पण आमच्या संडेस्कूलच्या पुस्तकातही प्रश्नाखाली उत्तर छापलेलंच असतं की!

चर्चच्या भिंतीबाहेर हा दाखला कुठवर गेला तेही बघा. इंग्रज लेखक रस्किनने १८६० मध्ये अर्थशास्त्रावर लेख लिहिले आणि त्यांचं शीर्षक याच उताऱ्यातून घेतलं. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना गांधीजींनी त्या लेखांचं पुस्तक आगगाडीत वाचलं आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत त्याचं सार दिलं. शेवटच्या मजुराच्या दिनारात एका बॅरिस्टराला समाजाची नवी घडी दिसली. आपल्या एकाही टीकाकाराला ती दिसली नव्हती.

१९९४ मध्ये विल्यम हर्झॉग या अमेरिकन अभ्यासकाने आणखी पुढची पायरी गाठली. हा मालक देव नव्हेच, असं तो म्हणतो. तो बडा जमीनदार आहे. आपल्या पैशाचं आपण वाटेल ते करू, असं मजुरांना ऐकवणारा. हा अर्थ मला पूर्ण पटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या वाक्याचा सूर औदार्याचा आहे, उर्मटपणाचा नाही. पण हर्झॉगने एक गोष्ट केली जी आपण करत नाही: त्याने मजुराच्या बाजूला उभं राहून पाहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ग्रंथाचा मान कोण जास्त राखतो यावरून मंडळ्यांमध्ये फारसा फरक पडत नाही. वाचताना प्रश्न विचारायची मुभा कुणाला आहे, यावरून पडतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि तिथल्या बायकांनी त्याच्या छपाईचे खिळे जुळवले. तेव्हा ही मुभा कुणी त्यांच्या ओंजळीत घातली नव्हती. पुढे आपण त्या बायबलचं कौतुक केलं आणि मुभा मात्र पुन्हा पाळकांच्या टेबलाच्या खणात ठेवून दिली.

नाशिककडे द्राक्षाच्या काढणीला माणसं नेणाऱ्या एका मुकादमाला मी बायबलवर्गात हा दाखला वाचून दाखवला. त्याने पहिला प्रश्न केला, “पाचला पुन्हा माणसं आणली म्हणजे पाऊस येणार होता का?” वर्गातल्या कुणालाच हे सुचलं नव्हतं. माल पिकला की उद्याची वाट बघता येत नाही, हे त्याला ठाऊक. मग म्हणाला, “साहेब, मालक भला आहे, कबूल. पण दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला नाक्यावर कोण उभं राहणार?”

माझ्याकडच्या टीकाग्रंथांत मी शोधलं. हा प्रश्न तिथे कुणी घेतलेला मला दिसला नाही. आपल्या मासिकांनी तो छापावा आणि उत्तरं मागवावीत. त्यांतलं निदान एक तरी पाळकाचं नसावं.