तळघरातल्या बोर्डाची केबल



तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी चार्ज करायला वेगळा सब-बोर्ड बसवायचं ठरलंच आहे. प्रश्न आहे तो मीटर रूमपासून तिथवर जाणाऱ्या केबलचा. मी बँकेतला माणूस, कोटेशनचा खालचा आकडा आधी बघतो. पण इथं मधली ओळ वाचा: ४ स्क्वेअर एमएम तांबं, अंतर ४० मीटर.

७.४ किलोवॉटचा एक चार्जर ३२ अँपिअर ओढतो, तोही तासन् तास. ४ च्या केबलमध्ये जाऊन-येऊन सुमारे १२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, म्हणजे पावणेचारशे वॉटची नुसती उष्णता! १० च्या केबलमध्ये ५ व्होल्टही जात नाहीत.

"एमसीबी आहे की," असं कुणी म्हणेल. केबलच्या कुवतीपेक्षा मोठा एमसीबी बसवला, तर केबल वितळेपर्यंत तो गप्प बसेल. ॲल्युमिनियम स्वस्त पडतं, चालतंही. फक्त जाडी वाढवावी लागते आणि जोड नीट हवेत.

पावसाळ्यात आपल्या तळघरात पाणी साचतं. तेव्हा बोर्ड छातीच्या उंचीवर, केबल आर्मर्ड, अर्थिंग स्वतंत्र आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आपली नातवंडं तिथंच सायकली लावतात हो.

१० चं कोटेशन परवानाधारक कंत्राटदाराकडून मागवावं. फरकाची रक्कम कुठून काढायची, ते खजिनदारांनी आता सांगावं.