पिवळा रंग मारायच्या आधी

आज कोडिंग नाही, रंगकाम.

दिवाळीआधी सायखेड्याला घरी गेले होते. आमची मधली खोली अंधारी, भरदुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागते. म्हटलं, मस्त झणझणीत पिवळा मारू!

आधी खिडक्या घासायच्या होत्या. त्यांना वीसेक वर्षांपूर्वीचा पिवळा ऑइलपेंट. रंगारीमामांनी पॉलिश पेपर लावला आणि फरशीवर पिवळी धूळ पसरली. त्याच फरशीवर रांगत माझी भाची आली, हात थेट तोंडात! तेव्हाच मला कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि मी काम थांबवलं.

झगझगीत पिवळ्यासाठी पूर्वी रंगात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा क्षार, सर्रास वापरायचे. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. पण आपल्या खिडक्या त्याआधीच्या! प्रत्येक जुन्या रंगात शिसं असेलच असं नाही, पण नुसतं बघून ते कळत नाही.

मग आम्ही काय केलं? पोरीला डॉक्टरांकडे नेलं. रक्तातलं शिसं तपासलं, प्रमाण कमी निघालं. जीव भांड्यात पडला. पुढचं घासकाम पाणी मारून, ओलं. खाली प्लास्टिक अंथरलं, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसलं, आणि तोवर पोर शेजारच्या काकूंकडे. तुमच्या घरी कुणी गरोदर असेल तर त्यांनाही लांब ठेवा.

दुसरी अडचण ओलीची. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी घरात आलं होतं, तेव्हापासून भिंतीचा खालचा भाग पोपडे धरतो. आजी म्हणाली, "आम्ही चुन्यात पिवडी कालवून पोतारायचो." पिवडी म्हणजे पिवळी माती, तिचा रंग लोहाचा, शिशाचा नाही. आणि चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, ऑइलपेंटखाली ती कोंडते. खालचा पट्टा आजीच्या पद्धतीनं केला.

आता शेड. ती मी मोबाईलवर निवडली, हीच चूक. स्क्रीन स्वतः उजेड देतो, भिंत फक्त परतवते. त्यात चारही भिंती पिवळ्या केल्या की एकीचा उजेड दुसरीवर पडून रंग आणखी भडक होतो. आई म्हणाली, "अगं, हळदीच्या पोत्यात बसल्यासारखं वाटतंय!" शेवटी खिडकीसमोरची एकच भिंत पिवळी ठेवली, बाकीच्या पांढऱ्या. तुम्ही आधी दोन फुटांचा तुकडा रंगवा. सकाळी बघा, रात्री दिव्याखाली बघा, मगच डबे आणा.

आता दुपारी ट्यूब लागत नाही. भाची त्या भिंतीला टेकून उभी राहायला शिकतेय.

तुमच्या घरी रंगकाम निघालं असेल तर हा भाग आधी घरच्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!