रोजच्या धावण्यात वीस सेकंद
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बरेच जण आता सकाळी धावतात. पण रोज एकाच चालीने! महिनोन्महिने तेच केलं, की पाय जोरात पळणं विसरतात. वयानुसार वेगाचे स्नायुतंतू आधी झिजतात, आणि ठेच लागल्यावर तोल सावरायला नेमके तेच लागतात.

त्यावर सोपा उपाय आहे. आठवड्यातून दोनदा, रोजचं सावकाश धावणं संपलं, की सपाट जागेवर 80 ते 100 मीटर पळा. सुरुवात हळू, मग वेग वाढवायचा, शेवटी अलगद सोडायचा. वेळ 15 ते 20 सेकंद. जीव तोडून पळायचं नाही. खांदे सैल, पावलं हलकी. मग श्वास पूर्ववत होईपर्यंत, मिनिट-दीड मिनिट, चाला. अशा चार फेऱ्या पुरेत. पहिल्या आठवड्यात दोनच. मांडीमागे ओढ जाणवली, की तिथेच थांबा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

लांब पल्ल्याला वेग कशाला, असं कुणी म्हणेल. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 11.20 सेकंदांत धावला. सुवर्णपदक हुकलं ते 0.05 सेकंदानं!

आपल्याला पदक नको. पण खो-खोच्या मैदानावर पीटीच्या सरांनी अंगात भिनवलेली चपळाई टिकवू या. पुढच्या मेळाव्यालाही सगळ्यांनी आपल्या पायांनी यावं, एवढंच मागणं.