राज्य म्हणजे कोण?

राज्यांना जादा अधिकार द्या अशी मागणी होते. मी विचारतो, राज्य म्हणजे कोण? पोलीस राज्याच्या यादीत. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ साली दिल्लीनं केला, पण फिर्याद लिहून घ्यायची गावाजवळच्याच ठाण्यात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ उजाडलं, तेव्हा कुठं नाव लागलं, तेही नामविस्तार म्हणून! बाबासाहेबांनी १९५५ लाच बजावलं होतं, भाषावार राज्यात सत्ता मोठ्या जातीच्या हाती जाईल. महाराष्ट्राची चार राज्यं करा, म्हणाले होते. ते आज कुणी बोलत नाही.

मग दिल्ली आपली? छट्! १९५६ ला आपण बौद्ध झालो. महाराष्ट्रानं नवबौद्धांना सवलती दिल्या; दिल्लीच्या लेखी आपण अनुसूचित जातच उरलो नाही. एकच माणूस, राज्याच्या कचेरीत सवलतीचा, केंद्राच्या कचेरीत उपरा. १९९० पर्यंत.

राज्यांच्या हक्काच्या सभेला मी जरूर येईन. पण पहिला प्रश्न विचारीन पोलीस ठाण्याचा.