आदिपुरुष मनु आणि आपली वंशावळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाने वंशावळीचा ग्रंथ सिद्ध करण्याचे कार्य हाती घेतले आहे. त्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी शास्त्री-पंडित नव्हे. आयुष्यभर मुलांस शिकविणारा एक साधा शिक्षक. म्हणून वंशावळीच्या मुळापासूनच, म्हणजे मनूपासून, आरंभ करतो.

गणेशचतुर्थीस पूजेचा संकल्प सोडताना वैवस्वत मन्वंतराचा उच्चार होतो. हे मन्वंतर ज्याच्या नावाचे, तो मनु विवस्वानाचा म्हणजे सूर्याचा पुत्र. चौदा मनूंपैकी सातवा. ‘मानव’, ‘मनुष्य’ आणि आपल्या नित्याच्या बोलण्यातील ‘माणूस’ या शब्दांचे मूळ मनूच्या नावातच आहे.

शतपथ ब्राह्मणातील कथा अशी. प्रातःकाळी हात धूत असता मनूच्या हाती एक इवलासा मासा आला व त्याने अभय मागितले. मनूने त्यास प्रथम घटात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवून वाढविले. पुढे जलप्रलय झाला, तेव्हा त्याच माशाच्या शिंगास नौका बांधून मनु उत्तरेकडील पर्वतास पोहोचला. सारी प्रजा वाहून गेली. तो एकटा उरला. त्याने तूप, दही इत्यादींची आहुती जलात दिली. वर्षभराने त्यातून इडा नावाची कन्या प्रकट झाली आणि तिच्याच योगे मानवजात वाढली.

महाभारताच्या आरण्यकपर्वातही हे मत्स्योपाख्यान आहे. आपल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने त्या महाग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, हे आपणां पुणेकरांस भूषणच होय. तेथे नौकेत मनूसमवेत सप्तर्षीही आहेत. ज्या ऋषींची गोत्रे आपण अभिमानाने सांगतो, तेही त्याच नौकेतले!

मनूचे नाव निघताच मनुस्मृती आठवते. तिचा उपदेशक मनु तो स्वायंभुव, प्रलयातून तरलेला हा वैवस्वत नव्हे. त्या स्मृतीने शूद्रांस व स्त्रियांस जे हीन लेखले, त्याच्या निषेधार्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे तिचे दहन झाले. त्या वेदनेकडे पाठ फिरवून मनूचे गुणगान करणे मला प्रशस्त वाटत नाही.

आता एक कबुली देतो. वंशावळीचा छापील तक्ता माझ्याही घरी आला. मी पुत्रांची व नातवांची नावे सुवाच्य अक्षरात भरली. ज्येष्ठ कन्येचे नाव मात्र लिहिले नाही, कारण तिने ज्ञातीबाहेर विवाह केला आहे. सौभाग्यवतीने तक्ता वाचला व काही न बोलता माझ्यापुढे ठेवला. त्या रात्री मला इडेची कथा आठवली. मनुष्यमात्राचा वंश जिच्यापासून चालला ती कन्याच. आणि मी माझ्या कन्येस वंशातून वगळीत होतो! दुसऱ्या दिवशी मी तिचे, जामातांचे व नातीचे नाव स्वहस्ते लिहिले.

मंडळास माझी नम्र विनंती एवढीच, की आपल्या ग्रंथात प्रत्येक लेकीचे नाव यावे, मग ती कोणत्याही घरी नांदत असो. ज्ञातीचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु वंशवृक्ष मुळापर्यंत नेला तर तेथे ज्ञाती नाही, केवळ माणूस आहे, याचा विसर न व्हावा.