दाखला घेऊन जा



अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात 1995 पासून एक कायदा आहे. वर्गात दांडगाई करणाऱ्या मुलाला काही काळ वेगळ्या, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिस्तीच्या शाळेत पाठवतात. तिचा पट लहान असतो; पण त्यात कृष्णवर्णीय मुलं आणि विशेष गरजा असलेली मुलं त्यांच्या एकूण संख्येच्या मानाने जास्त दिसतात. शिक्षा कोणाच्या वाट्याला येते, ते हजेरीपटावरच वाचता येतं.

आपल्याकडे अशी शाळा नाही. मुंबईत 1857 साली सुधारशाळा निघाली, ती पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली गेली. 1924 मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी कायदाही झाला. पण आज निरीक्षणगृहात जायचं, तर मूल आधी पोलिसांच्या हाती लागावं लागतं. पुण्याचं निरीक्षणगृह येरवड्याला आहे. लोक अजून त्याला रिमांड होमच म्हणतात.

या वाटेला कोणती मुलं लागतात? देशाची दर वर्षीची गुन्ह्यांची आकडेवारी सांगते, की पकडलेल्या मुलांपैकी साधारण तीन चतुर्थांश 16 ते 18 वयाची असतात. अनाथ, बेघर त्यात थोडी. बहुतेक आईवडिलांपाशी राहणारी. म्हणजे रात्री त्यांच्यासाठी घरी भाकरी झाकून ठेवलेली होती.

आता शाळेकडे या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत हे छत्र जातं. मग पालकांना बोलावणं येतं, ‘पोरगं ऐकत नाही, दाखला घेऊन जा.’ काढून टाकलं असं कुठेच लिहिलं जात नाही. कारण म्हणून ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच.

मावळातल्या आमच्या आंबीला, एमआयडीसीच्या कडेला, हे फार जड जातं. परगावाहून कंत्राटी कामावर आलेलं कुटुंब, आईबाप दोघेही पाळीवर. दाखला हातात पडलेला पंधरा वर्षांचा मुलगा दिवसभर कुठे जाईल? तो शाळेच्या पटावर नाही, आणि धोक्याच्या कामावर घेण्याच्या वयाचाही नाही. याच एकदोन वर्षांत मुलं हातची जातात, असं माझं ठाम मत आहे.

मावळातल्या मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. नववीतल्या मुलाचा दाखला लिहिण्याआधी एकदा त्याच्या घरी जा. बाप पाळीवरून परतलेला असेल, अशा वेळी जा.