कीळवेण्मणी आपल्या विषयपत्रिकेवर हवं



सरफोजीराजांना वंदन करून सरस्वती महालाचा गौरव करायचा, हा तंजावरच्या मराठी मेळाव्यातल्या अध्यक्षीय भाषणाचा ठरलेला रिवाज. त्या ग्रंथालयातल्या मोडी कागदांवर माझं प्रेम आहे. तरीही आज मी बोलणार आहे ते कीळवेण्मणी गावातल्या हत्याकांडावर लिहिणाऱ्या मैथिली शिवरामन यांच्या ‘हॉन्टेड बाय फायर’ या, २०१३ साली आलेल्या लेखसंग्रहाबद्दल. ‘हे तमिळ राजकारण आहे, आपल्या मेळाव्यात कशाला?’ असं मला सुचवलं गेलं. ते मला मान्य नाही.

हाँगकाँगच्या २०१४ च्या छत्री आंदोलनावरची पुस्तकं आपली मुलं वाचतात, चांगलं आहे. पण लोकशाहीसाठीचा लढा काय फक्त शहराच्या चौकातच होतो? संघटना करायचा हक्क, मजुरी ठरवताना बोलायचा हक्क, आपल्या वस्तीत आपला झेंडा लावायचा हक्क, हे सगळं आपल्या कावेरीकाठच्या गावांत मागितलं गेलं, आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली.

तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात १९६० नंतर सघन शेतीचा कार्यक्रम आला. खतं आली, ‘ए.डी.टी. २७’ हे लवकर येणारं भाताचं वाण आलं, उत्पादन वाढलं. कापणी करणाऱ्यांनी त्या वाढीतलं थोडं जास्त भात मजुरीत मागितलं. मिरासदारांनी, म्हणजे जमीनदारांनी, भात उत्पादकांची संघटना उभी केली, बाहेरगावचे मजूर आणले आणि बजावलं, मजूर संघटनेचा लाल बावटा उतरवा. कीळवेण्मणीच्या मजुरांनी तो उतरवला नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मिरासदारांची टोळी बंदुका घेऊन दलित वस्तीवर, चेरीवर, चालून आली. जीव वाचवायला माणसं रामय्याच्या झोपडीत शिरली. झोपडी पेटवून दिली. ४४ माणसं जळून मेली. बहुतेक बायका आणि मुलं.

नागपट्टिणमच्या सत्र न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली; उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. एवढे श्रीमंत, जमीनजुमला असलेले गृहस्थ स्वतः पायी जाऊन आग लावतील, हे न्यायालयाला पटलं नाही! त्याच दिवशी जमीनदारांकडचा एक माणूस मारला गेला होता. त्या प्रकरणात मजूर मात्र दोषी ठरले. अमेरिकेतून नुकत्याच परतलेल्या शिवरामन हत्याकांडानंतर गावात गेल्या, वाचलेल्या माणसांशी बोलल्या आणि लिहीत राहिल्या. त्या लिहिण्यात हळहळ कमी आणि हिशेब जास्त आहे: जमीन कुणाची, भात कुणाच्या घरात, पोलीस कुणाच्या दारात. म्हणून ते लेखन आजही टोचतं.

हा आपला विषय कसा, असं विचारणाऱ्यांना मी इतिहासच दाखवतो. १६७६ ते १८५५ या काळात याच गावांच्या भातावर मराठी राज्य चाललं. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला, तरी सरफोजीराजांना महसुलाचा पाचवा हिस्सा मिळत राहिला. आपण अभिमानाने दाखवतो त्यातले बरेच ग्रंथ त्याच मिळकतीच्या काळात जमले. मिरासदारी आपण निर्माण केली नाही. पण तिच्यावर आपण जगलो. आपण ब्राह्मणांना अग्रहार दिले, यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली, आणि शेतातला पण्णैयाळ पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला सालगडीच राहिला. विसाव्या शतकातही त्याला चाबकाने फोडत, शेणाचं पाणी पाजत. त्याला संघटित करायला पुढे आले बी. श्रीनिवास राव, कर्नाटकातून आलेले, कन्नड बोलणारे. १९४० च्या दशकात ते चेऱ्यांमध्ये राहिले, तिथल्या लोकांचे झाले. आणि कित्येक पिढ्या इथे राहिलेले आपण? आपल्या साहित्यात ती चेरी कुठे आहे?

मराठीला हा विषय परका नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये सांगितली आणि १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारल्यांची तलासरी आपली आणि कीळवेण्मणी परकं, ही वाटणी मला मंजूर नाही.

आणखी काही मंडळींशी माझं भांडण आहे. हा निव्वळ मजुरीचा तंटा होता, जात मध्ये आणू नका, असं ते म्हणतात. जळून मेलेली सगळी माणसं दलित होती. मजुरीचा तंटा असेल तर आग नेमकी चेरीलाच का लागली, याचं उत्तर त्यांनी द्यावं.

माझी मागणी साधी आहे. स्मरणिकेवर होणाऱ्या खर्चातला वाटा काढा आणि या पुस्तकातले तंजावरविषयीचे लेख, रीतसर परवानगी घेऊन, मराठीत छापा. आणि येत्या २५ डिसेंबरला आपल्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी कीळवेण्मणीच्या स्मारकापाशी यावं. मी जाणार आहे. सोबत कोण येणार, त्यांनी आजच कार्यवाहांकडे नावं द्यावीत.